चव्वेचाळीस श्वास

आमच्या संस्थेला यंदा पंचवीस वर्षं होतात, म्हणून स्मरणिका निघणार आहे. तिच्यात 'आमचे कर्मचारी' असं एक सदर आहे आणि अंगद खेतमाळीसबद्दल मी दीडशे शब्द लिहावेत असा निरोप आला. सोबत नमुनाही होता: मनमिळाऊ, कष्टाळू, संस्थेचा आधारस्तंभ. असल्या शब्दांचा मला राग येतो. शिवाय अंगद मनमिळाऊ नाहीच. तीन वाक्यांच्या वर बोलला तर त्याला ताप आलाय असं समजावं. खरी अडचण वेगळी आहे. त्याच्याबद्दल सांगायचं तर मला माझ्याबद्दल सांगावं लागतं, आणि ते स्मरणिकेत कुणी छापणार नाही. तरी लिहिते.

मी लहान मुलांची डॉक्टर. नगरच्या आमच्या धर्मादाय दवाखान्यात एकवीस वर्षं काढली. शहराचं नाव आता अहिल्यानगर झालंय, पण माझ्या जिभेला नगरच येतं. दवाखान्याची पाच लहान केंद्रं आहेत. दोन पूर्वेकडच्या कोरड्या भागात, जिथली निम्मी घरं दिवाळीनंतर ऊसतोडीला जातात. तीन अकोले तालुक्याच्या डोंगरात, राजूरच्याही पुढे. केंद्रावर नर्स असते, डॉक्टर नसतो. म्हणून २०२१ साली संस्थेने व्हिडिओची सोय केली. नर्सने लेकराला कॅमेऱ्यासमोर धरायचं, मी नगरला पडद्यावर बघायचं आणि काय करायचं ते सांगायचं. ही सगळी यंत्रणा सांभाळायला अंगद आला.

तो श्रीगोंद्याकडचा. इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा केलेला, त्याआधी केबल टीव्हीवाल्याकडे खांबावर चढणारा. यंत्रांच्या खोलीत जाताना चपला बाहेर काढायचा. धूळ नको म्हणून काढतो असं आम्हाला वाटायचं. नंतर कळलं, ती वडिलांची सवय.

वडील भिमाजी, पाटकरी. ज्यांना कालव्याचं पाणी माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. मोठ्या कालव्यातून चारी निघते, चारीवर दोन्ही बाजूंना शेतं असतात. कुणाचं दार कधी उघडायचं, किती वेळ, हे पाटकरी ठरवतो आणि दाराची किल्ली त्याच्या कमरेला असते. चारीच्या तोंडाशी उसाचे मळे, तिथली माणसं वजनदार. शेवटच्या टोकाला, ज्याला सगळे टेल म्हणतात, तिथे ज्वारी-हरभऱ्याची गरीब रानं. कागदावरचा नियम असा की पाणी टेलपासून द्यावं, मग वर वर यावं. पण वरचे लोक पाइप टाकून पाणी खेचतात, त्याला आमच्याकडे डोंगळे म्हणतात, आणि टेलला ओलसुद्धा पोचत नाही. सगळ्यांना नियम पाठ असतो आणि सगळेजण तो मोडतात. भिमाजीने मोडला नाही. पाणी सुटलं की तो सात किलोमीटर चालत टेलला जायचा, चपला हातात घेऊन शेवटच्या रानात उभा राहायचा आणि पायाला चिखल घेऊनच परत यायचा. मग वरचं दार उघडायचा. 'पाय भिजल्याबिगर पानी पोचलं म्हनायचं न्हाई,' असं तो म्हणायचा. यापायी त्याने दोनदा मार खाल्ला. अंगदने हे मला पुष्कळ नंतर सांगितलं, तेही मी खोदून विचारलं म्हणून.

तेव्हा मला यातलं काहीच माहीत नव्हतं. तेव्हा माझ्या डोक्यात नवा पडदा होता. पुण्याच्या कुणी देणगीदाराने तो दिला होता, भिंतभर, आणि केंद्रांवर तसेच भारी कॅमेरे. लेकराच्या पापण्या मोजता याव्यात इतकं स्पष्ट दिसायचं. मी हरखून गेले होते. पाहुणे आले की त्यांना मुद्दाम दाखवायची.

२०२२ च्या जूनमध्ये मी एका मुलाला तपासत असताना अंगदचा आवाज मध्येच आला. म्हणाला, चित्र अडखळतंय, जरा थांबा. मला तर सगळं लख्ख दिसत होतं. पाचही केंद्रांवरच्या नर्सेस ऐकत असताना मी त्याला म्हटलं, "तू वायरी बघ, पेशंट मी बघते." तो बरं म्हणाला. त्यानंतर तो कधी मध्ये बोलला नाही. माझ्या तोंडाला लगाम नाही हे सगळ्या दवाखान्याला ठाऊक आहे, आणि लोक ते हसण्यावारी नेतात. ती हसण्यासारखी गोष्ट नाही.

ऑगस्ट २०२२ मधला मंगळवार होता. अकरा वाजता विश्वस्तांची व्हिडिओवर बैठक. अध्यक्षांचा दंडक असा की सर्वांचे कॅमेरे चालू पाहिजेत, कोण हजर आहे ते दिसलं पाहिजे. दंडक नसता तरी कुणी कॅमेरा बंद केला नसता. मोठा माणूस बोलत असताना आपला चेहरा पडद्यावरून काढून घेणं म्हणजे त्यांच्यासमोरून उठून जाण्यासारखं, असंच आम्ही सगळे समजत होतो. अशी अकरा चित्रं चालू होती. नगरला लाईन मोठी, इथे काही कळत नव्हतं. पण डोंगरातल्या तीन केंद्रांना मिळून एकच बिनतारी लाईन वर जाते. अकराच्या अकरा चित्रं त्या लाईनीने वर चढत होती आणि तिथली खाली उतरत होती. लाईन तुंबली होती.

बैठकीच्या मध्येच धनश्रीचा निरोप पडद्यावर उमटला. धनश्री ही डोंगरातल्या सगळ्यात टोकाच्या केंद्राची नर्स, तेव्हा नोकरीला लागून चार महिने झालेली. लेकरू आणलंय, खोकला आहे, बघता का, असं तिने लिहिलं होतं. मी बघते म्हटलं. अध्यक्ष खूश झाले. आपलं काम कसं चालतं ते सगळ्यांना बघू द्या म्हणाले, त्यामुळे कुणी कॅमेरा बंद करून बाजूला झालं नाही.

पाच महिन्यांची मुलगी होती. तिला तिची आजी घेऊन आली होती, बनुबाई तिचं नाव. मुलगी आजीच्या मांडीवर निजलेली, छातीवरचं कापड बाजूला केलेलं. आजी काहीतरी सांगत होती. तिचे ओठ हलत होते आणि शब्द तुटून तुटून येत होते, एकाचाही अर्थ लागत नव्हता. मी परत विचारलं नाही. समोर इतकं स्वच्छ दिसत असताना विचारायची गरज वाटली नाही.

तान्ह्या मुलाला न्यूमोनिया आहे का हे ओळखायची साधी खूण म्हणजे श्वास. एक मिनिट घड्याळ लावून मोजायचे. या वयाला पन्नास किंवा वर गेले तर धोका. मी घड्याळ लावलं आणि छातीकडे बघत मोजले. चव्वेचाळीस भरले. मी धनश्रीला आकडा सांगितला, सिरप सांगितलं, ऊब द्या, अंगावरचं दूध चालू ठेवा, दोन दिवसांनी परत आणा असं सांगितलं. विश्वस्तांपैकी एकाने टाळी वाजवली.

दुसऱ्या दिवशी दुपारी फोन आला. पहाटे मुलीचा श्वास लागला, जीप मिळवून निघाले, आणि राजूर यायच्या आधीच ती गेली.

संध्याकाळी अंगद माझ्या खोलीत आला. हातात एक कागद होता. त्याच्या यंत्रावर दर सेकंदाला लाईन कशी होती याची नोंद राहते, त्याची छापील पट्टी. मी मोजलेलं ते एक मिनिट त्याने पेनाने घेरलं होतं. त्या मिनिटात चित्र पुन्हा पुन्हा थिजलं होतं, कधी अर्धा सेकंद, कधी पाऊण, कधी एक. सगळं मिळून साठातले सतरा सेकंद. मला कसं कळलं नाही, असं मी विचारलं. त्याने सांगितलं, आमची यंत्रणा लाईन तुंबली की चित्राचा स्पष्टपणा सोडत नाही, मधले तुकडे सोडून देते. माणूस बोलत-चालत असेल तर तो झटका दिसतो. इथे निजलेलं लेकरू, हलत होती ती फक्त छाती. ती थांबली तरी ते निजलेलं लेकरूच दिसणार. त्या सतरा सेकंदांतले श्वास माझ्यापर्यंत आलेच नव्हते.

"मला दिसत हुतं, म्याडम," तो म्हणाला. "लाल खुणा यीत हुत्या. अध्यक्षांस्नी कॅमेरा बंद करा म्हनायला तोंड उघडलं न्हाई माझं."

त्यावर मी काय म्हणाले ते मला लिहायलाच हवं. मी म्हणाले, "हा कागद कुणाला दाखवू नकोस."  मी कागद घेऊन खणात ठेवला. मृत्यूच्या नोंदीत कारण भरायचं होतं, तिथे मी लिहिलं: न्यूमोनिया, उशिरा आणले. त्यात खोटं म्हणावं असं काही नव्हतं. आजीने एक दिवस घरी ओव्याचा शेक दिला होता, मग आणलं होतं. आमचा गावपातळीवरचा माणूस घरी जाऊन तेच सांगून आला.

अंगद आठ दिवस रजेवर गेला. गावी गेला असेल असं मी धरलं. परत आला तेव्हा यंत्रांच्या खोलीबाहेर त्याच्या चपला दिसल्या, त्यांना तांबडी माती वाळलेली होती. श्रीगोंद्याची माती काळी. माझ्या मनात ते एकदा येऊन गेलं आणि मी विसरले.

आल्यावर त्याने मला न विचारता यंत्रणा बदलायला घेतली. भिमाजी तेव्हा गुडघेदुखीने घरीच असायचा. अंगदने त्याला सगळं सांगितलं, तेव्हा त्याने एकच विचारलं होतं: टेलला गेल्तास का? त्यानंतर बापलेकांत काय झालं ते मला माहीत नाही. पण अंगदने त्यानंतर जे काही केलं ते चारीवरचंच होतं.

धरणात पाणी कमी पडलं की आधी पिण्याचं राखून ठेवतात, शेतीचं मागून. अंगदने आवाजाला तसा पहिला हक्क दिला. लाईन कितीही तुंबो, आवाज तुटता कामा नये, चित्र त्यानंतर. तपासणी चालू झाली की बाकी सगळ्यांची चित्रं बंद, मग ते कुणीही असोत. माझंसुद्धा. यावर मी भांडले. लेकराच्या आईला डॉक्टरचा चेहरा दिसायला नको का? त्याने सुरुवातीला आणि शेवटी दिसू देईन म्हणून सांगितलं, मध्ये नाही. चित्राचंही त्याने उलटं केलं. लाईन आखडली की स्पष्टपणा जाऊ दे, पण हलणं सलग राहू दे. त्यामुळे भिंतभर पडद्यावर आता मळकट, धूसर चित्र येऊ लागलं आणि देणगीदाराच्या माणसाने तक्रार केली. आणखी एक गोष्ट मला फार उशिरा समजली. लाईन तुंबली की आम्हा सगळ्यांची खोड म्हणजे पुन्हा पुन्हा बटण दाबायचं, बंद करून परत जोडायचं, म्हणजे तुंबलेल्यात आणखी लोटायचं. अंगद अशा वेळी सगळ्यांचं थोडं थोडं कमी करायचा आणि वाट बघायचा. आधी निचरा होऊ द्यायचा.

आणि टाळ्या. हे त्याचं स्वतःचं. तपासणीआधी केंद्रावरच्या नर्सने कॅमेऱ्यासमोर भराभर टाळ्या वाजवायच्या, मनाला येईल तितक्या, आकडा न सांगता. मी आवाज बंद करून नुसत्या डोळ्यांनी मोजायच्या आणि किती झाल्या ते सांगायचं. आकडा जुळला तरच पुढे. नाही जुळला तर श्वास नर्सने तिथे मोजायचे आणि तिचाच आकडा खरा धरायचा. नर्सेस याला आरती म्हणायच्या आणि हसायच्या. अंगद हसायचा नाही. यंत्रावर सगळ्या खुणा हिरव्या असल्या तरी टाळ्यांशिवाय तो मला पुढे जाऊ द्यायचा नाही. 'पाय भिजल्याबिगर' म्हणजे काय, हे मला त्यातून समजलं.

या सगळ्याचा कस लागला तो मागच्या डिसेंबरात. संस्थेने शिर्डीच्या एका हॉटेलात मोठा कार्यक्रम ठेवला होता. बाहेरगावचे पाहुणे, हार, शाली, आणि सभागृहाच्या भिंतीवर पाचही केंद्रांचं आणि समोरच्या मंडळींचं थेट दर्शन. अंगद कोपऱ्यात त्याची यंत्रांची पेटी उघडून बसला होता. अध्यक्षांचं भाषण चालू असताना त्याने मला चिठ्ठी पाठवली: धनश्री, लेकरू, चार महिन्यांचं, तपासायचंय. भाषण संपेपर्यंत थांबावं असं माझ्या मनात आलं. दोन वर्षं झाली होती, तरीही आलं. मी मान वर करून त्याच्याकडे बघितलं आणि तेवढ्यात भिंतीवरची सगळी चित्रं गेली. पाहुण्यांची, विश्वस्तांची, चार केंद्रांची, भाषण करणाऱ्या अध्यक्षांचं स्वतःचं. राहिलं ते एक मळकट चित्र, धनश्री आणि तिच्यासमोर एका बाईच्या मांडीवरचं लेकरू.

सभागृहात गलका झाला. अध्यक्षांनी माइकवरूनच काय चाललंय म्हणून विचारलं. अंगद उभा राहिला. पाहुण्यांसमोर त्याला बोलायला लावणं म्हणजे शिक्षाच, पण तो बोलला.

"साहेब, टेलचं भिजल्याबिगर वरचं दार उघडत न्हाईत."

धनश्रीने टाळ्या वाजवल्या. मी तेरा म्हणाले, ती हो म्हणाली. मग मी मोजले. सदुसष्ट. तिचेही सदुसष्ट. बाईचा आवाज स्वच्छ येत होता, ती सांगत होती की काल दुपारपासून लेकराचं पोट उडतंय आणि ते पीत नाही. पहिला डोस तिथेच दिला, गाडी लावून दिली, मूल वाचलं. अध्यक्षांनी नंतर लेखी खुलासा मागितला. अंगदने एका ओळीत लिहिलं की चित्रं मी बंद केली आणि पुन्हा वेळ आली तर करेन. त्याखाली मी सही केली. मग ते प्रकरण तिथेच राहिलं.

मला वाटलं, फिटलं. माणूस असा हिशेब मनातल्या मनात करतो आणि स्वतःला सोडवून घेतो. जानेवारीत धनश्री प्रशिक्षणासाठी नगरला आली आणि तिने मला स्वस्थ बसू दिलं नाही. तिच्या पिशवीत केंद्राच्या केसपेपरची एक प्रत होती. त्या ऑगस्टमधली. श्वासांच्या रकान्यात तिच्या अक्षरात बासष्ट लिहिलेलं होतं, त्यावर काट मारून शेजारी चव्वेचाळीस.

तिने आधीच मोजले होते. लेकरू समोर असताना, हातात घड्याळ धरून. मग मी पडद्यावरून चव्वेचाळीस म्हणाले आणि तिने स्वतःचा आकडा खोडला. एवढ्या मोठ्या डॉक्टर, एवढा मोठा पडदा, अख्खे विश्वस्त बघतायत. आपलंच चुकलं असणार, असं वाटलं म्हणाली. सांगताना ती रडत नव्हती. मीच रडले.

मग ज्यासाठी ती माझ्याकडे आली होती ते तिने सांगितलं. त्या घरात दुसरी मुलगी झाली आहे, वर्षाची होत आली. पण सून ती मुलगी बनुबाईच्या मांडीवर देत नाही. म्हातारीने एक दिवस घरी ठेवलं म्हणून पहिली गेली, असं आमच्याच माणसाने सांगितलं होतं ना. म्हातारी अंगणात बसून लांबून नातीशी बोलते. कुणी काही भांडत नाही, नुसतं देत नाहीत. धनश्रीला हे बघवत नव्हतं. "मॅडम, मी सांगितलं तर ते नर्सचं बोलणं होईल," ती म्हणाली. "तुम्ही सांगा."

फेब्रुवारीत मी गेले. खणातला कागद सोबत घेतला. अंगदला बरोबर चल म्हटलं, तो निमूट गाडीत बसला. राजूरला बाजाराचा दिवस होता, गाडी माणसांतून वाट काढत कशीबशी पुढे गेली. पुढचा डोंगररस्ता मला नवा होता. एकवीस वर्षांत मी त्या केंद्रावर एकदाही गेले नव्हते. अंगद मात्र वळण आलं की आधीच ड्रायव्हरला सांगत होता, हितून डावीकडं, पुढं मोरी हाय, सावकाश. गाडी थांबली तिथून घर दूर होतं. चालताना माझ्या चपलांना तांबडी माती लागली तेव्हा मला ती दुसरी जोडी आठवली, यंत्रांच्या खोलीबाहेरची.

बनुबाई अंगणात नाचणी निवडत होती. अंगदला बघून ती उठली आणि सुनेला पाणी आण म्हणून हाक दिली, जसं नेहमी येणाऱ्याला देतात. मी कोण ते अंगदने सांगितलं. तिने मला नीट बघून घेतलं.

मी बोलायला सुरुवात केली. त्या दिवशी पडद्यावर, असं म्हटलं, आणि ती मध्येच म्हणाली की तिला सगळं ठाऊक आहे.

"ह्यो आल्ता तवाच. आठवडा बी झाला नव्हता पोरीला जाऊन. हितंच बसला. म्हनला, डॉक्टरीनबाईंचा दोष न्हाई, आजी, दार माझ्या हाती हुतं आन् मी उघडलं न्हाई."

अंगद खाली बघत होता.

मी तिला विचारलं, मग घरात का नाही सांगितलं. ती म्हणाली, पोरीचा बाप तेव्हा पेटलेला होता, ह्याच्या अंगावर गेला असता, ह्याची नोकरी गेली असती. शिवाय शेक मी दिलाच होता, तो काही खोटा नाही. "मला बोलनी खायची सवय हाय, बाई. ह्यो परक्याचा पोर. म्हईन्याला येतो, लाईन बघायच्या नावानं. येताना गूळ-शेंगदाने आनतो. त्येला मीच म्हनलं, गप ऱ्हा."

म्हणजे अडीच वर्षं एकाने माझा दोष स्वतःवर घेतला होता आणि दुसरीने त्याचा, आणि मी नगरला स्पष्ट चित्र हवं की धूसर यावर भांडत बसले होते. मला लाज वाटली. इतकी की उठून गाडीत जाऊन बसावंसं वाटलं.

सून पाण्याचा तांब्या घेऊन दारात उभी होती. मुलगी तिच्या कडेवर. तिने ऐकलं होतं. मी तिच्याकडे वळले आणि कागद काढला, पण तिला कागदाचं काय करायचं होतं. मी तो परत ठेवला.

"मोजलं मी होतं," मी म्हटलं. "तुझी मुलगी मिनिटाला बासष्ट श्वास घेत होती. मी चव्वेचाळीस मोजले आणि घरी पाठवली. नर्सने बरोबर मोजलं होतं, माझ्या शब्दासाठी तिने ते खोडलं. सासूने त्या दिवशी वेळेत आणली होती. उशिरा आणली हे मी लिहिलं, माझी चूक झाकायला. त्या मुलीचं नावसुद्धा मी विचारलं नव्हतं."

"पंकजा," सून म्हणाली.

 ती मला शिव्या देईल अशी मी वाट बघत होते, आणि दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं. तिने तांब्या खाली ठेवला. अंगण ओलांडून ती बनुबाईसमोर आली, कडेवरची मुलगी तिच्या मांडीवर निजवली आणि झबल्याची नाडी सोडून छाती उघडी केली. म्हातारीचे हात नाचणीने भरलेले होते, ते तिने तसेच वर धरून ठेवले, मुलीला लागू नयेत म्हणून.

"आता मोजा," सून मला म्हणाली. "हितं, म्होरं बसून."

मी मातीत बसले. अंगदने मनगटावरचं घड्याळ काढून हातात धरलं आणि सुरू म्हणाला. मुलगी आजीच्या तोंडाकडे बघत होती. मी मोजत गेले. मिनिट झालं म्हणून त्याने सांगितलं.

"छत्तीस," मी म्हटलं. "चांगले आहेत."

सून माझ्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "परत मोजा."

मी परत मोजले.